खोक्यावर न छापलेली तारीख

१४ ऑक्टोबर २०२५ नंतरही 'विंडोज १०'वर चालणारे जगातले कोट्यवधी कॉम्प्युटर पूर्वीसारखेच सुरू होत राहिले. स्क्रीन उजळली, फायली उघडल्या, प्रिंटरने कागद ओढले. बदलले ते एवढेच, की मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या त्या दिवशी थांबल्या. यांतल्या पुष्कळ यंत्रांवर 'विंडोज ११' चढवता येते. पण ज्यांत इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर आहे किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, त्यांना अगदी मोजके अपवाद सोडले तर कंपनीने दार लावून घेतले. यावर दुकानात, ऑफिसात, घरात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, कंपन्या हे मुद्दाम करतात, नवा माल खपावा म्हणून. दुसरे म्हणते, तंत्रज्ञान असेच असते, आठ वर्षांच्या लॅपटॉपला काय कवटाळून बसायचे, द्या एक्स्चेंजमध्ये. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण खरी तक्रार दोघांच्याही हातून निसटते. वस्तू जुनी होणार आणि कंपनी कधीतरी हात वर करणार, हे कोणीही समजू शकतो. ती हात कधी वर करणार हे पैसे मोजताना गिऱ्हाइकाला कळते का, हा मुद्दा आहे. दहा रुपयांच्या गोळ्यांच्या पट्टीवर ती तारीख छापलेली असते. वीस हजारांच्या फोनच्या खोक्यावर नसते.

आधी पहिले मत तपासू. 'अपडेट टाकले आणि फोन स्लो झाला' ही तक्रार इतकी जुनी आहे, की जाणकार मंडळी तिच्याकडे भोळसट समजूत म्हणूनच बघत. डिसेंबर २०१७ मध्ये ही समजूत निदान एका बाबतीत खरी निघाली. वेग मोजणाऱ्या 'गीकबेंच' या सॉफ्टवेअरच्या आकडेवारीत जुने आयफोन ठरावीक अपडेटनंतर ठरावीक पायऱ्यांवर मंद होताना दिसले आणि दोन दिवसांत ॲपलला कबूल करावे लागले, की आपणच ते करत आहोत. कंपनीने दिलेले कारण मात्र खोटे नव्हते. बॅटरी थकली की प्रोसेसरने एकदम जोर मागितल्यावर फोन धाडकन बंद पडतो. तो पडू नये म्हणून वेग कमी केला जात होता. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय समर्थनीय म्हणता येईल. पण हे सांगितले असते तर लोकांनी नवा फोन घेण्याऐवजी नवी बॅटरी बसवून घेतली असती. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०२० साली ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो फोन मंद केल्याबद्दल केला नाही. अपडेटने फोन मंद होऊ शकतो हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल केला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. हेतू शुद्ध होता की काळा, हे बाहेरच्या माणसाला सहसा सिद्ध करता येत नाही. माहिती दिली होती की नाही, हे मात्र कागदावर दाखवता येते.

विंडोजच्या प्रकरणात तर मायक्रोसॉफ्टचा वकील म्हणू शकेल, की आम्ही तारीख लपवली कुठे? त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. 'विंडोज १०' जुलै २०१५ मध्ये आली तेव्हाच तिचा शेवटचा दिवस कंपनीने जाहीर केला होता. पण गिऱ्हाईक सॉफ्टवेअरची आवृत्ती विकत घेत नाही, लॅपटॉप विकत घेतो. २०१७ साली सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेला उत्तम लॅपटॉप घेणाऱ्याने असे गृहीत धरले, की दहा संपली की अकरा येईल, जशी सातवरून दहा फुकटात मिळाली होती. आपले यंत्र त्या पुढच्या आवृत्तीला चालणार नाही, हे त्याला २०२१ च्या जूनमध्ये कळले, म्हणजे पैसे मोजून चार वर्षे झाल्यावर. ओरड झाल्यावर कंपनीने एका वर्षाची मुदतवाढ दिली: तीस डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून आपल्या सेटिंगची प्रत त्यांच्याकडे ठेवा आणि फुकट घ्या. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथे ही प्रत ठेवण्याची अट गेली. आपल्याकडे राहिली. संघटितपणे कुरकुर करण्याचा फायदा होतो, एवढे यातून दिसते.

सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या तर बिघडते काय, चालतेय तोवर चालवू, असे म्हणणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यासाठी २०१७ हे साल पुरेसे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक मोठे भगदाड बुजवले. मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती त्यांना गाठले आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. 'विंडोज एक्सपी'ची मुदत एप्रिल २०१४ मध्येच संपली होती, तरी परिस्थिती इतकी गंभीर होती, की कंपनीने तीन वर्षांनी तिच्यासाठी पुन्हा दुरुस्ती काढली. जूनमध्ये 'नॉटपेट्या' आले. त्याने इतर वाटांबरोबर हेच भगदाड वापरले, मेअर्स्क या जहाज कंपनीचे काम ठप्प झाले आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात तिच्याकडे असलेले टर्मिनलही अडकून पडले. फोनच्या बाबतीत शेवट वेगळ्या रीतीने येतो. आधी सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मग एकेक ॲप निरोप घेते. २०२५ साली व्हॉट्सॲपला निदान अँड्रॉइड ५ किंवा आयओएस १५.१ लागत होते. ज्या घरात शाळेच्या सूचना, गॅस सिलिंडरचे निरोप आणि गावाकडच्या भावकीच्या गप्पा सगळे व्हॉट्सॲपवरच चालते, तिथे ते बंद झालेला फोन धडधाकट असूनही भंगारात जमा होतो.

तारीख जाहीर केल्याने खरोखर काही बदलते का? बदलते, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा क्रोमबुकचा आहे. शाळांमध्ये खपणाऱ्या या स्वस्त लॅपटॉपांच्या प्रत्येक मॉडेलची अपडेट संपण्याची तारीख गूगल पूर्वीपासून जाहीर करत आले आहे. सुरुवातीच्या काळात ही मुदत पाच-सहा वर्षांची होती. शिवाय ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाई, त्यामुळे शाळेने दोन वर्षे उशिरा घेतलेल्या यंत्राला तितकेच कमी आयुष्य मिळे. कोविडच्या काळात अमेरिकेतल्या शाळांनी ही यंत्रे ढिगाने घेतली आणि नंतर हिशेब मांडला तेव्हा किती यंत्रे कधी निकामी होणार हे सरळ मोजता आले, कारण तारखा समोर होत्या. एप्रिल २०२३ मध्ये 'पर्ग' या तिथल्या ग्राहक संघटनेने त्यावर अहवाल काढला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने मुदत दहा वर्षांवर नेली. कंपनीचे मन एकाएकी द्रवले असे मी मानत नाही. समोरच्याकडे तारीख होती, म्हणून त्याला भांडता आले.

फोनच्या बाजारातही हेच घडते आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने 'पिक्सेल ८'ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. तीनच महिन्यांत सॅमसंगने 'गॅलेक्सी एस २४'साठी तोच आकडा सांगितला. एकाने आकडा सांगितला की दुसऱ्याला गप्प बसणे परवडत नाही. पण 'सात वर्षे' या शब्दांत एक खाच आहे आणि दिवाळीच्या सेलमध्ये खरेदी करणाऱ्याने ती नीट समजून घ्यावी. ही वर्षे सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही पैसे दिल्यापासून नाही. सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारा फोन बहुधा दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल असते. त्याला चारच वर्षांचे आश्वासन असेल, तर तुमच्या वाट्याला दोन आली. निम्म्या किमतीत निम्मे आयुष्य! यात फसवणूक झाली असे कायद्याने म्हणता येणार नाही, पण जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांतल्या सवलतीचा अर्थ मात्र बदलतो. म्हणून खोक्यावर वर्षांची संख्या असून भागत नाही. महिना आणि साल हवे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो आणि तो रास्त आहे. जुन्या फोनला अपडेट देणे फुकट होत नाही. चिप बनवणारी कंपनी आपल्या भागासाठी सॉफ्टवेअर देणे थांबवते, मग फोन बनवणारीचेही हात बांधले जातात. प्रत्येक मॉडेलवर चाचणी करायला माणसे लागतात. स्वस्त फोनवर नफा कमी, त्यामुळे तिथे हा भार पेलवत नाही, असे सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही, कारण २०२४ साली सॅमसंगनेच भारतात वीस हजारांच्या आत विकलेल्या 'ए १६'ला सहा वर्षांचे आश्वासन दिले. तरीही मान्य करू, की काही कंपन्यांना ते परवडणार नाही. त्यांना कोणी सक्ती करत नाही. दोनच वर्षे द्यायची असतील तर दोन द्यावीत, फक्त तसे छापावे. बारा हजारांचा फोन तीन वर्षे टिकणार असेल तर वर्षाला चार हजार पडले. अठरा हजारांचा सहा वर्षे टिकणार असेल तर तीन हजार. हे गणित आपल्या बाजारात भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत कोणालाही येते. त्यातला एक आकडा दुकानदारालाही माहीत नसतो, म्हणून ते मांडता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की लोक कुठे वाचतात? रंग, कॅमेरा आणि मेहुण्याने काय घेतले हे पाहून फोन घेतला जातो. असेल तसे. पण फ्रीज आणि एसीवरच्या वीजबचतीच्या ताऱ्यांबद्दलही एके काळी हेच म्हणता आले असते. २०१० पासून ते लेबल एसीवर आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर सक्तीचे झाले आणि आज खेड्यातल्या दुकानातही गिऱ्हाईक 'किती स्टार?' असे विचारते. त्यामागचे युनिटचे गणित त्याला ठाऊक असावे लागत नाही. शिवाय सगळ्यांनी वाचण्याची गरजही नसते. शाळांसाठी टॅब घेणारी जिल्हा परिषद, पतसंस्थेसाठी कॉम्प्युटर घेणारा व्यवस्थापक आणि जुना फोन विकत घेणारा दुकानदार यांनी वाचले तरी किमती हलू लागतात. जुन्या फोनच्या बाजारात तर ही तारीख दुसऱ्याच दिवशी भाव ठरवायला लागेल.

तिसरा आक्षेप हौशी तंत्रज्ञांचा: लिनक्स टाका, पाच मिनिटांचे काम आहे. पाच मिनिटांचे नाही, पण सल्ला चांगला आहे; ज्याला ब्राउझर, ईमेल आणि व्हिडिओ एवढेच हवे, त्याचा जुना लॅपटॉप लिनक्स मिंटवर आणखी काही वर्षे सुखाने चालेल. मात्र लग्नपत्रिका, अहवाल आणि दिवाळी अंक तयार करणाऱ्या आपल्याकडच्या डीटीपीवाल्याला हा सल्ला देऊन पाहा. त्याचे काम पेजमेकरवर चालते, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. अक्षरे 'श्रीलिपी'ची किंवा सी-डॅकच्या 'आयएसएम'ची, तीही युनिकोडच्या आधीच्या पद्धतीची. वीस वर्षांच्या फायली त्याच साच्यात साठलेल्या. हे सारे विंडोजला बांधलेले आहे. त्याने युनिकोडकडे वळायला हवे होते हे खरे, पण तो वळला नाही म्हणून त्याच्या यंत्राची मुदत त्याला न सांगण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. फोनवर तर हा मार्ग जवळपास बंदच आहे, कारण अनेक कंपन्या दुसरी प्रणाली बसवायचे कुलूपच उघडू देत नाहीत.

एक आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. कंपनीच बुडाली तर छापलेल्या तारखेचे काय? २०१६ साली 'रिव्हॉल्व' नावाचे घरातले दिवे चालवणारे तीनशे डॉलरचे यंत्र बंद पडले. ती कंपनी तर बुडालीही नव्हती, गूगलच्या नेस्टने ती विकत घेऊन तिचे सर्व्हर बंद केले होते. मालकी बदलली तरी आश्वासन नव्या मालकावर बंधनकारक राहील असे कायद्यात लिहिता येते. दिवाळखोरीत मात्र गिऱ्हाईक उघडेच पडणार, जसे ते आज वॉरंटीच्या बाबतीतही पडते.

इतर देशांत याची सुरुवात झाली आहे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून फोन, कॅमेरे, स्मार्ट टीव्ही अशा इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करणे बंधनकारक केले. मुदत किती असावी हे त्या कायद्याने ठरवलेले नाही. फक्त सांगा म्हटले आहे. युरोपीय संघाचा सायबर सुरक्षेचा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. त्यात खरेदीच्या वेळी मुदत संपण्याचा महिना आणि साल सांगावे लागेल. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. मोबाइल आणि टॅबपासून सुरुवात करावी आणि सुटे भाग, हत्यारे, स्क्रू, दुरुस्तीची माहिती यांच्याबरोबर सॉफ्टवेअर अपडेटही निकषांत धरावे, असे त्यात सुचवले आहे. पाऊल चांगले आहे. अडचण अशी, की सगळ्या निकषांचा मिळून एकच गुणांक काढला तर स्क्रू सहज निघणारा पण दीड वर्षात वाऱ्यावर सोडलेला फोनही बऱ्यापैकी गुण मिळवून जाईल. गुणांक काढावा, पण तारीख त्यात मिसळू नये. वजन-मापाच्या २०११ च्या नियमांनुसार बंद खोक्यावर कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना-साल आजही छापावे लागते. अपडेट संपण्याचा महिना-साल त्याच चौकोनात, त्याच आकाराच्या अक्षरांत, कुठल्याही क्यूआर कोडमागे न दडवता छापायला कंपन्यांना एक ओळ जास्तीची लागेल.