जनगणनेत आक्काला शोधताना

आजीच्या आजीची थोरली बहीण बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाकडे आया होती. मोठ्या प्लेगनंतर साहेबाचं कुटुंब विलायतेला निघालं, तेव्हा मुलांना सांभाळायला तीही बोटीत बसली. ती परत आली नाही. सगळे तिला आक्काच म्हणायचे, त्यामुळं खरं नाव आज कुणालाच माहीत नाही. "बघ की रे तुझ्या त्या कॉम्प्युटरवर," आजी म्हणाली आणि मी शोधायला बसलो.

आपल्याकडच्या जुन्या जनगणनेतून उरलेत ते आकड्यांचे तक्ते आणि अहवाल. त्यात घरोघरची नावं नाहीत. 1948 च्या कायद्यानं तर व्यक्तीची नोंद गोपनीयच ठेवली आहे. इंग्लंडमध्ये मात्र शंभर वर्षांनी घरोघरच्या नोंदी खुल्या होतात. 1921 च्या 2022 मध्ये खुल्या झाल्या. 1931 चे कागद 1942 च्या आगीत गेले आणि 1941 ला युद्धामुळं जनगणना झालीच नाही. म्हणजे आक्कासाठी 1901, 1911 आणि 1921 एवढ्या तीनच जागा.

जनगणना म्हणजे एका रात्रीचा फोटो. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि 1886 मध्ये तिथून अमेरिकेला. 1881 आणि 1891 या दोन जनगणनांच्या मधेच तो मुक्काम संपला. म्हणून शोधायच्या आधी तारखा जुळवून बघा, नाहीतर रात्री वाया जातात.

दुसरं म्हणजे, नावावर विसंबू नका. आयांना पुष्कळदा साहेबाचंच आडनाव लावलेलं असे, कधी नावाच्या जागी नुसतं 'आया'. त्यात हस्ताक्षर वाचून सूची करणाऱ्यांच्या चुका वेगळ्याच. मी नावाची चौकट रिकामी ठेवली. जन्मस्थान, व्यवसाय आणि पाच वर्षं मागंपुढं धरून वय, एवढंच भरलं. बेळगावचं स्पेलिंग चार तऱ्हांनी घातलं, मग नुसतं 'बॉम्बे', मग नुसतं 'इंडिया'.

तिसरं, घर सापडलं नाही तर संस्था बघा. लंडनच्या हॅकनी भागात 'आयाज होम' होतं. नोकरी सुटलेल्या किंवा परतीच्या बोटीची वाट बघणाऱ्या आया तिथं राहत. 1900 पासून ते लंडन सिटी मिशन चालवत असे.

आणि सूचीवर थांबू नका, मूळ पान उघडा. 1911 चे कुटुंबप्रमुखानं स्वतः भरलेले फॉर्म जपलेले आहेत. अशाच एका फॉर्मवर साहेब, मडम, दोन मुलं आणि शेवटच्या ओळीत एक बाई मिळाली: आया, वय 35, जन्म बेळगाव. आडनाव साहेबाचं.

हीच आक्का? वय जुळतं, गाव जुळतं, पण एवढ्यानं सिद्ध होत नाही. आता इंग्लंडहून सुटलेल्या बोटींच्या प्रवासी याद्या बघायच्या आहेत. त्या 1890 पासूनच्या मिळतात.

आजीला ते पान दाखवलं. तिनं विचारलं, "तिचं नाव न्हाईच काय लिहिलं?" त्या संध्याकाळी मी आजीचं माहेरचं नाव, तिच्या आईचं, मावश्यांचं, सगळ्यांची नावं गावासकट वहीत उतरवून घेतली. तुम्हीही या सुट्टीत घ्या.