उसाच्या फडातलं बिनतारी जाळं : मोजणी कधी करायची?

पणदऱ्यासारख्या नीरा डाव्या कालव्यावरच्या बागायती गावात बिनतारी जाळं, म्हणजे वायरलेस मेश, उभारायचं तर आराखडा कसा करायचा, हा आजचा विषय आहे.

मेश म्हणजे काय? दारं धरणारा माणूस शिवाराच्या टोकाला आहे आणि मोटार बंद करायचीय. हाळी पोचत नाही. मग मधल्या वावरातला गडी ती ऐकतो आणि पुढे देतो. मेशमधला प्रत्येक डबा, म्हणजे नोड, हेच काम करतो. पण मधला गडी स्वतः ओरडत असताना त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. एकाच रेडिओच्या नोडचंही तसंच. पहिल्या टप्प्याला ४० एमबीपीएस वेग मिळत असेल, तर दुसऱ्याला साधारण २०, तिसऱ्याला १३ उरतो. एमआयटीच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की लांब साखळीत अगदी आदर्श स्थितीतही चौथा हिस्साच हाती येतो. वाय-फायच्या नियमांनी चालवलेल्या सिम्युलेशनमध्ये तर सातवा. म्हणून पहिला नियम : इंटरनेटच्या मूळ जोडणीपासून कोणताही नोड दोन-तीन टप्प्यांपेक्षा लांब नको. लांब जात असेल तर दुसरी जोडणी घ्या, किंवा नोडमध्ये दोन रेडिओ ठेवा : आपसांतल्या दुव्यांसाठी ५ गिगाहर्ट्झ, लोकांच्या मोबाइलसाठी २.४.

मग टप्पे कमी करायला एकच लांब उडी मारावी का? हिशेब करू. लांब दुव्यावर जाताना १०० पैकी ५० संदेश पोचतात आणि परतीची पोच १०० पैकी ८० वेळा मिळते. म्हणजे एक संदेश नीट पोचवायला सरासरी अडीच वेळा पाठवावा लागतो. त्याऐवजी दोन आखूड दुवे घेतले, दोन्हीकडून ९५ टक्के यशाचे, तर दोन्ही मिळून सव्वादोनच्या आत भागतं. टप्पे कमी हवेत, पण कच्चे नकोत.

आता आपल्या भागातली खरी अडचण : ऊस. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. तेव्हा शिवार मोकळं असतं, या छपरावरून ते छप्पर स्वच्छ दिसतं. आपण मोजणी करतो, सिग्नल उत्तम येतो, डबे बसवून मोकळे होतो. पुढच्या पावसाळ्यात तोच ऊस १०-१२ फूट होतो, पानं ओली असतात आणि दुवा गळतो. ओलाव्याचे आकडे येईनासे होतात. अंदाजाने पाणी चालू राहतं. जादा पाण्याने जमीन क्षारपड होणं म्हणजे काय, हे कालव्याखालच्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको.

समोरचं छप्पर नुसतं दिसून भागत नाही. लहरींना रेषेभोवती मोकळी जागा लागते; तिला फ्रेनेल झोन म्हणतात. एक किलोमीटरच्या दुव्यावर २.४ गिगाहर्ट्झला मध्यभागी तिची त्रिज्या सुमारे १८ फूट असते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे ११ फूट, मोकळा हवा. उसाचे १२ आणि हे ११ : अँटेना २३ फुटांवर हवी. एकमजली घराच्या छपरावर दहा-बारा फुटी पाइप उभा केला की जमतं.

कमी फ्रिक्वेन्सी झाडोऱ्यातून बरी जाते. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यात, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये, इंटरनेट नेऊन पाहिलं. तो पट्टा आपल्याला परवान्याशिवाय वापरता येत नाही. पण ओलाव्याच्या सेन्सरचे चार आकडेच पाठवायचे असतील तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना खुला आहे. तिथे वेग कमी मिळतो, पण सेन्सरला तेवढा पुरतो.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. नकाशावर छपरं मांडा, प्रत्येक दुव्याखालचं पीक लिहा आणि उंची वाढलेल्या उसाची धरा. भर पावसाळ्यात, ओल्या फडावरून पुन्हा मोजा. वीज गेली की मधला नोड बंद पडतो आणि त्याच्यामागचे सगळे तुटतात, म्हणून बॅटरी आधी त्याला द्या. त्या दिवशी जाळं टिकलं, तर वर्षभर टिकेल.

आता प्रश्न घेऊ.