व्यक्तिचित्राचा वारसा: न्यूमन पुरस्कार आणि मध्य प्रांतातील अनाम चेहरे

दिवंगत छायाचित्रकाराच्या नावे स्पर्धा सुरू झाली की स्पर्धक त्याची शैली गिरवू लागतात आणि परीक्षकही त्यालाच वारसा मानू लागतात. अमेरिकी छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन (१९१८–२००६) यांच्या स्मरणार्थ २००९ मध्ये स्थापन झालेला, मेन मीडिया या शिक्षणसंस्थेमार्फत दिला जाणारा २०,००० डॉलरचा पुरस्कार या धोक्यापासून दूर राहिला, कारण तो व्यक्तिचित्रणातील ‘नव्या दिशां’साठी आहे.

न्यूमन यांची ख्याती परिसर-व्यक्तिचित्रांमुळे झाली. म्हणजे व्यक्तीला कोऱ्या पडद्यापुढे न बसवता तिच्या कामाच्या जागी, तिच्या साधनांसह टिपण्याची पद्धत. १९४६ साली त्यांनी घेतलेल्या संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांच्या छायाचित्रात पियानोचे उघडे काळे झाकण, पाश्चात्त्य स्वरलेखनातील कोमल स्वराच्या चिन्हासारखे, जवळजवळ सारी चौकट व्यापते आणि स्त्राविन्स्की डाव्या कोपऱ्यात, तळाशी, डोके हातावर टेकवून बसलेले दिसतात. निगेटिव्हमध्ये भोवताली बरीच मोकळी जागा होती. ती न्यूमन यांनी छापताना कातरली. ज्या ‘हार्पर्स बझार’साठी हे चित्र काढले होते, त्या मासिकाने ते नाकारले, आज मात्र न्यूमन यांचे नाव निघाले की प्रथम हेच चित्र आठवते.

नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, तेथील छायाचित्रणाची एक परंपरा याच्या नेमकी उलट आहे. रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा या प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यातील माहिती अभ्यासकांना आजही उपयोगी पडते, परंतु छायाचित्रांखाली बहुधा जातीचे किंवा व्यवसायाचे नाव आढळते, माणसाचे नव्हे. शिंग नावाचा शिरोभूषणाचा प्रकार दाखवण्यासाठी बंजारा स्त्रिया उभ्या केल्या आहेत. त्या कोण, कुठल्या, हे वाचकाला कळत नाही. प्रशासनाला नमुना हवा होता, त्यामुळे चेहरा असूनही ते व्यक्तिचित्र झाले नाही, आणि ही उणीव तांत्रिक नव्हे तर नैतिक आहे.

महाराष्ट्रात चेहऱ्यामागच्या माणसाला शब्दांतही स्थान देणारे छायाचित्रकार म्हणून गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे नाव घ्यावे लागते. रसायनशास्त्राचे अध्यापन आणि १९७४ पासून लिंटास या जाहिरातसंस्थेतील नोकरी, अशा वाटेने ते या क्षेत्रात आले. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतच्या चित्रपट-कलावंतांवरील १९९७ च्या ‘फेसेस’ या पुस्तकात छायाचित्रांसोबतचे लेखनही त्यांनीच केले. अर्थात त्यांचा कॅमेरा प्रामुख्याने नामवंतांवर रोखलेला होता. रसेल-हिरालाल यांच्या खंडांतल्या स्त्रियांना जे मिळाले नाही ते देण्याचे काम शिल्लकच राहते. विदर्भात व्यक्तिचित्रांची स्पर्धा योजणाऱ्यांनी प्रवेशिकेत छायाचित्रातील व्यक्तीचे नाव, तिची संमती आणि तिने स्वतःविषयी सांगितलेल्या चार ओळी अनिवार्य कराव्यात, आणि परीक्षकांनी प्रकाशयोजनेइतकेच गुण त्यांनाही द्यावेत.