नोकरी करून बीए-बीकॉम: फीचे पैसे कुठून येऊ शकतात?

आजचा भाग त्यांच्यासाठी, जे दिवसा एमआयडीसीत मशीनवर उभे असतात, सराफ बाजारात काउंटर सांभाळतात, रावेर-यावलला केळीचे ट्रक भरतात आणि रात्री पुस्तक उघडतात. ऑडिओत बोललो तेच इथे लिहून ठेवतोय, म्हणजे कॉलेजच्या खिडकीवर दाखवायला स्क्रीनशॉट हाताशी राहील.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. 'पार्टटाइम शिकतोय' हे आपण मित्रांना सांगतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म मात्र विचारतो: प्रवेश नियमित की दूरशिक्षणाचा? या एका उत्तरावर तुमचे तीन वर्षांचे पैसे ठरतात. म्हणून शिष्यवृत्तीचा विचार ॲडमिशननंतर नाही, ॲडमिशनच्या आधी करायचा.

रस्ता पहिला: नियमित प्रवेश, काम उरलेल्या वेळात

जळगाव, धुळे आणि नंदुरबारची कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे येतात. इथे नियमित प्रवेश असेल तर महाडीबीटी पोर्टलवरच्या योजना खुल्या होतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी ती २.५ लाख आहे.

बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर केंद्र सरकारची वेगळी शिष्यवृत्तीही आहे. पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये. दूरशिक्षणवाल्यांना मात्र ही मिळत नाही.

शिवाय कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात 'कमवा व शिका'ची चौकशी करा. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काही तास काम आणि त्याचं मानधन. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही पद्धत आहे, यात लाजायचं काही नाही.

पण एक सांगतो भो: शिष्यवृत्तीसाठी रेग्युलर ॲडमिशन घ्यायचं आणि वर्षभर कॉलेजकडे फिरकायचंच नाही, हा खेळ अंगाशी येतो. हजेरी भरली नाही की शिष्यवृत्तीही जाते आणि परीक्षेलाही अडचण होते. ड्यूटी आठ तासांची आणि शिफ्ट बदलती असेल, तर दुसरा रस्ता बघा.

रस्ता दुसरा: मुक्त विद्यापीठ

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याची अभ्यासकेंद्रं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. दुसरं इग्नू. यूजीसीची मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, तेव्हा 'ती डिग्री चालत नाही' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

इथे योजना कमी आहेत, पण अजिबात नाहीत असं नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर योजनांत दूरशिक्षणाच्या फीची परतफेड होऊ शकते. मात्र तुम्ही कमावते असाल तर उत्पन्न मोजताना आईवडिलांच्या कमाईत तुमचा पगारही धरला जातो. इग्नू ठरावीक अभ्यासक्रमांना अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची फी माफ करतं, तीही एकाच अभ्यासक्रमासाठी. आपला अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, हे फॉर्म भरण्याआधी बघा. बाकीच्यांसाठी मुळात कमी असलेली फी हीच खरी मदत. एवढ्या फीसाठी कर्ज काढायच्या फंदात पडू नका.

रस्ता तिसरा: घरच्यांच्या कामाच्या नावावर

हा रस्ता बहुतेकांना माहीतच नसतो. समजा, धुळ्यातल्या एका मुलीचे वडील गवंडी आहेत. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी होते. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना किंवा पत्नीला पदवीच्या प्रत्येक वर्षासाठी २०,००० रुपये मिळू शकतात. नोंदणी नसेल किंवा नूतनीकरण राहिलं असेल, तर पोरगी तीन वर्षांच्या ६०,००० रुपयांना मुकते. आज घरी गेल्यावर वडिलांना कार्ड विचारा.

तुम्ही स्वतः कंपनीत असाल तर जून आणि डिसेंबरची पगारस्लिप काढा. त्यात कामगार कल्याण निधीची कपात दिसते? मग महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्ती आणि पाठ्यपुस्तक सहाय्य योजनेची चौकशी करायचा तुम्हाला हक्क आहे. पैसे तुमच्याच पगारातून जातायत.

शेवटचं, पण सगळ्यात जास्त अडणारं

मंजूर झालेले पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जे आधारला जोडलं, तिकडे जातात. मोबाईलवर उघडलेलं जुनं, विसरलेलं खातं असलं की 'पैसे आलेच नाहीत' अशी बोंब होते. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघायला दोन मिनिटं लागतात.

तहसीलचा उत्पन्न दाखला, जातीचा दाखला, अधिवास आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रमाणपत्र, हे सगळं निकालाची वाट न बघता काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर किती गर्दी असते ते तुम्हाला माहितीय.

आणि ॲडमिशनच्या खिडकीवर फी भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा: हा प्रवेश नियमित धरला जातो की दूरशिक्षण? यावर कोणती शिष्यवृत्ती लागू होते? अर्जाची शेवटची तारीख काय? उत्तरं कागदावर लिहून घ्या. खिडकीवरचा माणूस वैतागला तरी चालेल. त्याचे पाच मिनिटं जातील, तुमची तीन वर्षं वाचतील.

भेटू पुढच्या भागात. हा भाग तुमच्या शिफ्टमधल्या त्या एका मित्राला नक्की पाठवा, जो 'पैसे नाहीत म्हणून शिक्षण सोडलं' म्हणतो.