वाट न दिसताही चाललेला वसईकर

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षाने एव्हरशाईन सिटीत शिरले की दोन्ही बाजूंना इमारतींच्या रांगा लागतात आणि त्यांच्यामागे तुंगारेश्वरचा डोंगर उभा दिसतो. मुंबईत जागा परवडेना म्हणून इकडे आलेल्या कितीतरी कुटुंबांनी इथे संसार थाटले. कुणाच्या दारावर गणपती, कुणाच्या दारावर येशूचे पवित्र हृदय. घराचे हप्ते, नोकरीची टांगती तलवार, मुलांचे प्रवेश, आईवडिलांची आजारपणे, या काळज्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच. अशा वेळी शेजारी धीर देतो, ‘देवावर भरवसा ठेवा, होईल सगळं नीट.’ हे वाक्य मनापासूनचे असते. पण पुढचे काही दिसत नसताना भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके करायचे काय? या प्रश्नाला वसईच्याच मातीत एक उत्तर आहे. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

किल्ल्यातून जपानकडे

गोन्सालोचा जन्म 1557 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. 1534 च्या तहाने वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली होती आणि किल्ल्यात जेझुइट फादरांची शाळा सुरू झाली होती. गोन्सालो तिथेच शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो फादरांबरोबर जहाजात बसला आणि जपानला पोहोचला.

तिथे तो भाषा शिकला, आणि नुसती कामापुरती नव्हे. जपानी माणसे मन लावून ऐकतील इतकी चांगली. कित्येक वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केले. जेझुइट संघात दाखल व्हावे ही त्याची मनापासूनची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. ज्या एका गोष्टीसाठी घर सोडले, समुद्र ओलांडला, तीच हाती लागली नाही.

मग त्याने व्यापार सुरू केला. धंद्यात जम बसला, पैसा आला. इथे गोष्ट संपली असती तरी लोकांनी ‘पोराने नाव काढले’ असेच म्हटले असते. पण त्याची ओढ गेली नव्हती. व्यापार सोडून तो फिलिपिन्समध्ये मनिलाला फ्रान्सिस्कन संघाचा साधा ब्रदर झाला. धर्मगुरुपद नाही, अधिकार नाही. पडेल ते काम करायचे.

1593 मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठवले. सोबत जपानी उत्तम जाणणारा दुभाषी हवा होता. गोन्सालो ती भाषा वर्षानुवर्षे बोलत आला होता. धर्मशिक्षणाच्या काळात कमावलेली भाषा आणि व्यापारात कळलेली जपानी रीतभात, दोन्ही आता उपयोगी पडली. जी वर्षे वाया गेली असे वाटावे, त्याच वर्षांनी त्याला या कामासाठी तयार केले होते. हे त्याला आधी ठाऊक नव्हते. तो फक्त समोरचे काम नीट करत गेला होता.

शेवट गोड नव्हता

क्योतोमध्ये फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. पण 1587 मध्येच हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता; तो हुकूम डोक्यावर होताच. ऑक्टोबर 1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून तोसाच्या किनाऱ्याला, म्हणजे जपानातच, लागले. त्यावरच्या मालाची जप्ती झाली, स्पेनच्या हेतूंविषयी संशय वाढला आणि त्याचा राग मिशनऱ्यांवर निघाला. धरपकड झाली आणि त्यात गोन्सालोही सापडला.

जानेवारी 1597 मध्ये क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. गाड्यांवर बसवून त्यांची धिंड काढली आणि मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंतची, जवळजवळ महिनाभराची वाटचाल सुरू झाली. एकूण सव्वीस जण. त्यांत लुदोविको इबाराकी हा बारा वर्षांचा मुलगाही होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांना जखडले आणि भाल्यांनी भोसकले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

1627 मध्ये त्याला धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. आज निशिझाकाला फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराने घडवलेल्या सव्वीस ब्राँझमूर्ती एका ओळीत उभ्या आहेत. त्या ओळीत एक वसईकर आहे.

‘भरवसा ठेवला की सगळे नीट होते’ या समजुतीला गोन्सालोचे आयुष्य पुरावा देत नाही. त्याला यश मिळाले नाही, मरण मिळाले. त्याच्या श्रद्धेचे मोल म्हणूनच मोठे आहे. देव वाचवील या अटीवर त्याने देवाला धरले नव्हते.

याच भूमीशी जोडलेले आणखी दोघे

हा वारसा एकाच धर्माचा नाही. एव्हरशाईनपासून जवळच नालासोपारा आहे, प्राचीन शूर्पारक. तिथल्या स्तूपाचे उत्खनन 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी केले. बौद्ध परंपरेतला पूर्ण नावाचा व्यापारी इथलाच. भिक्षू होऊन तो सुनापरांत या प्रदेशात धर्म सांगायला निघाला. तिथले लोक शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, मग काय करशील, असे बुद्धांनी विचारले. प्रत्येक प्रश्नाला त्याचे उत्तर शांत होते, आणि तो गेला. त्याचा विश्वास देवावर नव्हता, धम्मावर होता. पण पुढे काय वाढून ठेवले आहे याची हमी त्यानेही मागितली नाही.

दुसरे मराठा सेनानी चिमाजी अप्पा. पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तर मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी वज्रेश्वरीला केल्याचे परंपरा सांगते. 1737 पासून मोहीम चालली होती. अप्पा नवस बोलून हात जोडून बसले नाहीत. मराठ्यांनी सुरुंग खणले, तट फोडले, माणसे गमावली, तेव्हा मे 1739 मध्ये किल्ला हाती आला. नवसाचे मंदिर वज्रेश्वरीला आजही किल्ल्यासारख्या तटबंदीत उभे आहे.

धर्म तीन, काळ तीन. पण तिघांची रीत एकच. हातातले काम सोडायचे नाही आणि फळाची हमी मिळेपर्यंत थांबायचे नाही.

आपल्यापुरते

म्हणून ‘देवावर भरवसा ठेवा’ असे कुणाला सांगताना थोडे थांबावे. घराची कागदपत्रे तपासायची असतील तर तपासावीच. डॉक्टरांना दाखवायचे असेल तर आजच दाखवावे. भरवसा हा या कामांना पर्याय नव्हे. ही कामे भीतीने हात न थिजता करता यावीत, एवढ्यासाठी तो असतो. नोकरी गेलेल्या शेजाऱ्याला नुसता धीर पुरत नाही. त्याच्या घरी जावे, ओळखीत शब्द टाकावा, मुलांच्या फीची आस्थेने चौकशी करावी. त्याला पुढची वाट दिसत नसेल, तर चार पावले आपण सोबत चालावे.

एव्हरशाईनच्या रहिवाशांना एक विनंती. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन वसई किल्ल्यात जा आणि जेझुइट चर्चची उभी असलेली दर्शनी भिंत त्यांना दाखवा. इथे शिकलेल्या एका मुलाला आयुष्यात हवे ते मिळाले नाही, तरी त्याने ना काम सोडले ना देव, हे त्यांना सांगा. परीक्षेच्या निकालापेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त काळ पुरेल.