उन्हाळी वर्गात संगणक आणि यंत्रमानव : पोरांना पाठवावे काय?



गाळप हंगाम आटोपला, उन्हाळी धान कापणीला आला, की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो : शाळेला सुटी लागली, आता या पोट्ट्यांचे करायचे काय? उन्हाच्या तडाख्यामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. एवढा वेळ मोकळा. अलीकडे संगणकावर आराखडा काढणे, त्यावरून वस्तू घडवणे आणि यंत्रमानव तयार करणे शिकवणारे उन्हाळी वर्ग निघाले आहेत. फी मात्र द्यायची ती धानाच्या चुकाऱ्यातून किंवा उसाच्या बिलातूनच. म्हणून या वर्गात नेमके काय शिकवतात आणि त्याचा आपल्या घराला काय उपयोग, ते नीट समजून घेऊ.

तीन नावे, तीन कामे

पहिले काम आराखड्याचे. सुतार लाकडावर पेन्सिलीने खूण करतो, तेच काम इथे संगणकाच्या पडद्यावर होते. लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये भरायची. मग ती वस्तू पडद्यावर चोहोबाजूंनी फिरवून पाहता येते. यासाठी टिंकरकॅड, फ्रीकॅड असे कार्यक्रम फुकट मिळतात. सहावी-सातवीचे पोर चार दिवसांत साधी वस्तू काढू लागते. त्यातून अपूर्णांक, कोन आणि घनफळ हे पुस्तकात कंटाळवाणे वाटणारे गणित आपोआप पक्के होते.

दुसरे काम घडवण्याचे. यासाठी थ्रीडी प्रिंटर वापरतात. याचे काम आपल्या घरच्या शेव पाडायच्या सोऱ्यासारखे समजा. प्लॅस्टिकची तार सुमारे २०० अंश तापमानाला वितळते, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक छिद्रातून बाहेर येते आणि संगणकाने सांगितल्याप्रमाणे थरावर थर बसत जातो. एक थर साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे दोन सेंटिमीटर उंचीच्या वस्तूला शंभर थर लागतात, आणि मुठीएवढ्या वस्तूलाही काही तास जातात. मध्येच लाईन गेली तर पुष्कळदा वस्तू वाया जाते. म्हणून वर्गात इन्व्हर्टर आहे की नाही ते पाहावे. लेसर यंत्र प्रकाशाच्या बारीक झोताने प्लायवूड किंवा ॲक्रिलिकचा पत्रा कापते. त्यात पीव्हीसी मात्र कधीही घालू नये, त्यातून विषारी धूर निघतो.

तिसरे काम यंत्रमानवाचे. नाव मोठे आहे, पण त्याला हात-पाय-डोके असलेच पाहिजे असे नाही.

कारखान्यातला यंत्रमानव

यंत्रमानव म्हणजे तीन गोष्टींची जोडणी : जाणणारा भाग, ठरवणारा भाग आणि करणारा भाग. आपण गाडी घेऊन कारखान्यावर जातो तेव्हा कॅरिअरवरून ऊस मिलकडे जाताना पाहतोच. मिलच्या तोंडाशी ऊस जास्त साचला तर कॅरिअर हळू केला पाहिजे, कमी पडला तर वेगात चालवला पाहिजे. पूर्वी हे काम माणूस डोळ्यांनी पाहून करी. आता स्वयंचलित कारखान्यांत उसाची पातळी जाणणारे उपकरण असते, ते नियंत्रकाला कळवते आणि नियंत्रक मोटारीचा वेग बदलतो. रसात चुन्याची निवळी घालतानाही तसेच. उसाचा रस मुळात आंबट; चुना आणि गंधकाचा वायू देऊन त्याचा पीएच सातच्या आसपास आणावा लागतो. पीएच मोजणारे उपकरण सांगेल त्याप्रमाणे चुन्याचा नळ कमी-जास्त उघडतो.

वर्गातली पोरे हेच लहान प्रमाणात करतात. ठरवणारा भाग म्हणून बहुधा 'आर्डुइनो' नावाची पट्टी वापरतात. इटलीतील इव्रिया गावी २००५ साली ती विद्यार्थ्यांना परवडावी म्हणून तयार झाली.

शेतातला एक प्रयोग सांगतो. उसाच्या सरीतील माती एका डब्यात भरा, त्यात थोड्या अंतराने दोन खिळे रोवा आणि बॅटरीवरून वीज सोडा. माती ओली तर वीज सहज जाते, कोरडी तर अडते. आर्डुइनो तो फरक मोजून दिवा लावते. पण आठवड्याभरात खिळा गंजतो, आणि खत टाकलेली माती तेवढ्याच ओलीला निराळा आकडा दाखवते. पोराने खरे शिकायचे ते इथेच : आकडा आला म्हणून तो खरा धरायचा नाही, मूठभर माती हाताने दाबूनही पाहायची.

पाबळने दाखवलेली वाट

हे सारे शहराचे आणि इंग्रजी शाळांचे काम, असे कोणाला वाटेल. पण महाराष्ट्रात याची सुरुवात झाली ती एका कोरडवाहू खेड्यात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. डॉक्टरसाहेब अमेरिकेत शिकलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले. ती नोकरी सोडून ते खेड्यात राहायला गेले. शाळा सुटलेल्या पोरांनाही तिथे प्रवेश मिळे. लोहारकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया हे सगळे हाताने करायचे आणि करता करता त्यामागचे शास्त्र समजून घ्यायचे, अशी पद्धत. जमिनीत वीज सोडून भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेणारे उपकरणही तिथल्या पोरांनी हाताळले. वरच्या खिळ्यांच्या प्रयोगाचा तो थोरला भाऊच म्हणायचा.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ साली 'जवळपास काहीही कसे बनवावे' असा वर्ग सुरू केला होता. अशी कार्यशाळा सामान्य माणसाच्या हाती दिली तर काय होईल, हे पाहण्यासाठी त्यांनी 'फॅबलॅब' ही कल्पना काढली. २००२ साली जगातल्या अगदी पहिल्या फॅबलॅबांपैकी एक पाबळला उभी राहिली. कलबाग २००३ साली वारले, पण काम थांबले नाही. पाबळने एक गोष्ट दाखवून दिली. दहावी न झालेल्या पोरासमोर गावातली खरी अडचण ठेवली, तर ते संगणकही शिकते आणि यंत्रही बनवते.

साखरेशी नाते

थ्रीडी प्रिंटरच्या तारेत जास्त वापरले जाणारे प्लॅस्टिक म्हणजे पीएलए. ते मका किंवा उसाच्या साखरेपासून होते : साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात आणि त्याची साखळी जोडून प्लॅस्टिक बनवतात. थायलंडमध्ये रायोंग येथे उसाच्या साखरेपासून पीएलए बनवणारा वर्षाला ७५ हजार टन क्षमतेचा कारखाना आहे. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील बलरामपूर चिनी मिल्सनेही २०२४ साली असा प्रकल्प जाहीर केला. आपण पिकवतो त्याच मालाचे हे एक रूप आहे, हे पोरांना जरूर सांगावे. मात्र पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली वस्तू वाकडी होईल. आणि बांधीत टाकले तर ते पालापाचोळ्यासारखे लगेच कुजत नाही.

पैसे भरण्याआधी विचारा

नाव मोठे आणि लक्षण खोटे, असे वर्गही असतात. तयार तुकडे जोडायचे, गाडी पळवायची, प्रमाणपत्र घ्यायचे आणि घरी यायचे. म्हणून संचालकांना पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. एका यंत्रावर किती पोरे? पाच-सहापेक्षा जास्त असतील तर बाकीचे नुसते बघत बसतील.
२. आराखडा पोर स्वतः काढते की तयार मिळतो?
३. बिघडलेले यंत्र पोरांसमोर उघडतात काय? दुरुस्ती शिकवीत नाहीत तो वर्ग अर्धाच.
४. शिकवणे मराठीत चालते काय?
५. डोळ्यांचे चष्मे, धूर बाहेर काढणारा पंखा आणि विजेची सुरक्षा आहे काय?

फी भरण्यापूर्वी पोराच्या शाळेतही चौकशी करा. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत २०१६ पासून देशातील दहा हजार शाळांना सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी प्रयोगशाळा मिळाली; एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार शाळांची घोषणा झाली आहे. आपल्या शाळेत असेल तर ती सुटीत कुलूपबंद का, असे मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावे. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढावा.

आणखी दोन गोष्टी. मुलीला घरी ठेवून फक्त मुलाला पाठवू नका. सोल्डरिंगची बारीक टाके घालायची कला मुलींच्या हाती लवकर बसते असे नाही, पण उशिराही बसत नाही. सारखी संधी द्यावी एवढेच. दुसरे, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडची कितीतरी घरे याच दिवसांत मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करतात, त्यात पोरांचेही हात लागतात. वर्गाची वेळ ठरवताना या घरांना आधी विचारावे, नाहीतर ज्यांना गरज जास्त तेच बाहेर राहतील.

आज मोटारपंप बिघडला की आपण मिस्त्रीची वाट पाहतो, आणि तोवर उभा ऊस सुकतो. गावातले एखादे पोर यंत्र उघडायला घाबरत नसेल तर तो दिवस वाचतो. कारखान्यात बिगरहंगामात मिल उघडून दुरुस्ती चालते. त्या काळात शिकणाऱ्या पोरांना परवानगीने आणि सुरक्षित अंतरावरून ती दाखवता येईल काय, ही सूचना सभासदांनी वार्षिक सभेत मांडावी. ऊस आपण लावतो, साखर आपली होते. यंत्राची विद्याही आपल्या घरात यावी.