आधी मोजा, मग भाजा

काळेवाडीत कुणी भोसरीला मशीनवर, कुणी चाकणला असेंब्ली लाइनवर. मापाशी ज्यांचं रोजचं नातं आहे अशा घरांतली मुलं मात्र ग्रॅम आणि मिलिलिटर फक्त पुस्तकात वाचतात. घरी नानकटाई भाजणं हा त्यावरचा फार चांगला उपाय आहे, असं मला मनापासून वाटतं.

ओव्हन नसला तरी

जुनी जाड बुडाची कढई घ्यावी. तळाशी जाडं मीठ पसरून त्यावर जाळी ठेवावी आणि झाकण लावून दहा मिनिटं मंद आचेवर तापवावी. कुकर वापरायचा असेल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढावीत; वाफ कोंडायची नसते. तापलेल्या भांड्याला मोठ्यांनीच हात लावायचा, बाकी सगळं मुलांचं. दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायची आपल्याकडची पद्धत आजीला नक्की ठाऊक असेल. ती मुलांनी तिच्याकडूनच ऐकावी.

अंदाज इथे चालत नाही

भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. नानकटाई एकदा आत गेली की काही करता येत नाही, म्हणून सगळी काळजी आधीच घ्यावी लागते. मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, साजूक तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि वेलची. पाहुणे आले, दीडपट करायचं, तर तूप किती? गणिताच्या वहीत कंटाळवाणा वाटणारा हा प्रश्न इथे मुलं चटकन सोडवतात. २४० मिलिलिटरच्या कपात मैदा साधारण सव्वाशे ग्रॅम मावतो, साखर सुमारे दोनशे ग्रॅम. आकारमान आणि वजन यांतला फरक काट्यावर दिसला की पुन्हा समजवावा लागत नाही.

कंपनीत टॉलरन्स सांभाळणाऱ्या आईने किंवा बाबांनी इथे जरूर बसावं. तूप १२० ऐवजी १२३ ग्रॅम झालं तर बिघडत नाही. १६० झालं तर नानकटाई पसरून सपाट होते. किती चूक चालते आणि किती नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगणार?

पिठातलं विज्ञान

चपातीची कणीक मळली की ताणते, कारण गव्हातली प्रथिनं पाण्याशी मिळून ग्लुटेनचं जाळं तयार करतात. नानकटाईत पाणी जवळपास नसतं आणि तूप पिठाच्या कणांना वेढून बसतं, त्यामुळे ते जाळं नीट जमत नाही. बेसनात तर ग्लुटेन नसतंच. म्हणून नानकटाई खुसखुशीत होते, आणि म्हणूनच तिचं पीठ मळायचं नाही, नुसतं एकत्र करायचं. मुलांना दोन्ही गोळे हातात देऊन ओढून बघू द्या.

केक करायचा असेल तर सोड्याचा प्रयोग आधी करावा. एका वाटीत पाणी, दुसरीत आंबट दही. दोन्हींत चिमूटभर सोडा. दह्यात लगेच फेस येतो, कारण आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. केक फुगवतो तो हाच वायू. मिश्रण ताटकळत ठेवलं तर तो निघून जातो.

बिघडलं तर

ओरडू नये आणि लगेच दुरुस्तीही सांगू नये. पीठ, आच, वेळ वहीत लिहून ठेवायची आणि पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

चाकणच्या पुढे, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो असंच हाताने काम करत शिकण्यासाठी. तिथे अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि शेती यांच्या बरोबरीने गृह-आरोग्य हाही विभाग आहे. स्वयंपाकघरातल्या कामाला वर्कशॉपइतकाच मान मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

खर्च काढताना

तूप, मैदा, साखर यांचे भाव मुलांनीच दुकानात विचारावेत आणि एक नानकटाई कितीला पडली ते काढावं. सर्वांत जास्त पैसे तुपाचे निघतात. मग वनस्पती तूप घातलं तर किती वाचतील, हा प्रश्न येतोच. तेव्हा दोन छोटे घाणे करावेत, एक साजूक तुपाचा, एक वनस्पतीचा, आणि कोणता कुठला ते न सांगता घरातल्या सगळ्यांना चाखायला द्यावेत.